सरकूचा शेवट

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

आजपासून डायरी. शिकाऊंच्या हजेरीची जुनी वही आहे, मागची पानं कोरी. वही ड्रायव्हिंग स्कूलची, पण रद्दीतच जाणार होती. ही चोरी नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे नंतर माघार नको. काल दादाचा फोन आला. स्टेंट टाकून पाच आठवडे झालेत, अजून महिनाभर कामावर जायचं नाही. बावीस तारखेला आमच्याकडे येतोय, आठ दिवस. मी म्हटलं, ये की, विचारतोस काय. मग तो म्हणाला, सरकू आहे ना अजून? म्हटलं, माळ्यावर आहे. तो म्हणाला, उतरवून ठेव. तो शेवट मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाय.

सरकू म्हणजे आमचा लहानपणीचा व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा डबा, वरून कॅसेट खुपसायची. तळाशी एक छोटं विमान. आकाश वरून खाली सरकत राहतं, शत्रू येत राहतात, आपण गोळ्या झाडायच्या. कॅसेटवरचं स्टिकर पहिल्या आठवड्यातच फाटलं, खरं नाव कोणाला माहीत नाही. सरकतो म्हणून सरकू. खोक्यावर लिहिलं होतं, आठ स्टेज.

मामाने दोघांत एक आणला होता. ठरलं होतं, आधी संपवेल त्याचा डबा. मी अकरा वर्षांचा, दादा चौदाचा. एका दुपारी दादा क्लासला गेला होता. तो परत आल्यावर मी सांगितलं, मी संपवला. शेवटचं मोठं यंत्र फुटतं, मागे एक खिडकी उघडते, आत दिवा असतो, एक माणूस बसलेला असतो. तो आपल्याकडे बघून हात हलवतो.

दादाने काही विचारलं नाही. वायर नीट गुंडाळली आणि डबा माझ्या कपाटात ठेवला. पुढच्या महिन्यात हॉस्टेलला गेला.

मी तिसऱ्या स्टेजच्या पुढे कधीही गेलेलो नाही.

हे आज पहिल्यांदा लिहिलं. विशेष काही वाटलं नाही. पेन मध्येच थांबलं. शाई संपत आली असेल म्हणून.

प्लॅन: एकोणीस दिवस, आठ स्टेज. अडीच दिवसांना एक. आरामात. एकदा खरंच संपवला, की ते खोटं राहत नाही. फक्त जरा आधी सांगितलं गेलं, एवढंच.


मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी ७.१५

डबा उतरवला. बायको हॉटेलच्या पडद्यांच्या ऑर्डरवर बसली होती. शिलाई मशीन न थांबवता म्हणाली, धूळ बाहेर झटक, इथे पांढरं कापड आहे. बाहेरच झटकली. थोडी आत.

कॅसेटमध्ये फुंकर मारली. तिसऱ्या फुंकरीला चालू. तेच टुंगटुंग संगीत. अंगावर काटा आला. आनंदाचाच असणार.

नऊ डाव. पहिली स्टेज, नऊ वेळा.

कारण: रिमोट लहान मुलांच्या हाताच्या मापाचा आहे. माझा अंगठा एका वेळी दोन बटणं दाबतो. हा शारीरिक प्रश्न आहे, कौशल्याचा नाही.


गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी ७

शोध लागला. शत्रू समोर आला, की माझा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो. चौदा वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसतोय. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो. समोर काही आलं की आधी पाय, मग डोकं. सरकूत ब्रेक नाही. आकाश सरकतच राहतं. मी पाय दाबून बसतो आणि विमान फुटतं.

उपाय: मांडी घालून खेळायचं.

मांडी घालून सात डाव. पायाला मुंग्या. पहिली स्टेज.

दुपारी बँकवाल्या बाईंचा तास. बँकेत काउंटरवर असतात, वीस तारखेला लायसन्सची टेस्ट. चौकात समोर हातगाडी आली. मी ओरडलो, डावीकडे, डावीकडे, आता उजवीकडे, शाब्बास! बाईंनी गाडी अशी काढली की हातगाडीवाला टाळ्या वाजवेल असं वाटलं. त्याने वाजवल्या नाहीत. वेगळंच काहीतरी बोलला. बाई घाम पुसत म्हणाल्या, मास्तर, आपण थांबलो का नाही?

विचार करण्यासारखा प्रश्न होता. केला नाही.


शनिवार, ८ फेब्रुवारी

दुसरी स्टेज!!

(सकाळचा एक तास पुरत नाही. बँकवाल्या बाईंचा तास रद्द केला. स्कूलच्या मालकांना सांगितलं, बाईंना बरं नाही. बाईंना सांगितलं, गाडीची क्लच प्लेट गेली. दोघांना वेगवेगळं सांगायला नको होतं, लक्षात ठेवायला त्रास होतो. म्हणून इथे लिहून ठेवलं: मालक = बाई आजारी. बाई = क्लच.)

दुपारी वहिनीचा फोन. म्हणाली, भाऊजी, काय जादू केलीत? दवाखान्यातून आल्यापासून हे भिंतीकडे बघत बसायचे, जेवा म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर नाही. आता रोज विचारतात, बावीसला किती दिवस राहिले. काल मला ती गोष्ट सांगितली, खिडकीतल्या माणसाची. किती वर्षांनी असे बोलले.

मी म्हटलं, अगं वहिनी, लहानपणीच्या गोष्टी.

फोन ठेवल्यावर एक डाव खेळलो. पहिल्याच शत्रूवर जाऊन आदळलो. चहा जास्त झालाय. उद्यापासून दोनच कप.


रविवार, ९ फेब्रुवारी

ठरवलं, सांगून टाकायचं. सरळ. लहानपणीचं खोटं आहे, हसण्यावारी जाईल. दादाला फोन लावला. वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं होतं: दादा, मी तो गेम कधी संपवलाच नव्हता.

दादा म्हणाला, बरं झालं केलास. मला आठवतच नाहीये, त्या माणसाचा शर्ट कुठल्या रंगाचा म्हणाला होतास?

मी म्हणालो, निळा.

का म्हणालो, माहीत नाही. तोंडातून आला. तो म्हणाला, बरोबर, निळाच, मीही निळाच धरला होता. मग म्हणाला, चष्मा होता ना? मी म्हणालो, होता.

एकूण फोन चार मिनिटं. माणसाला शर्ट, चष्मा आणि टेबलावर एक कप मिळाला.

कागद फाडला. फोन हे असल्या गोष्टी बोलायचं साधनच नाही. समोरासमोर बोलायच्या असतात. उलट आता अजून एक कारण आहे गेम खरंच संपवायचं. त्या शर्टाचा रंग बघायला हवा.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुसरी स्टेज. दुसरी. दुसरी. पहिली (शिंक आली).

इंटरनेटवर शोधलं. पण काय शोधणार? नावच नाही. 'विमान वर जातं आकाश खाली येतं' असं लिहिलं. विमानतळाची वेळापत्रकं आली.

बाईंचा तास: रद्द. (मालक = बाई बँकेत अडकल्या. बाई = टायर.)


बुधवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ८

बायको दोन डाव मागे उभी राहून बघत होती. दात घासत. मग म्हणाली, तू त्या विमानाला पळवतोस कशाला एवढं? मी म्हटलं, शत्रू येतात, पळायला नको? ती म्हणाली, अरे, कापड सरकतंय आणि सुई जागेवर आहे. सुईने पळायचं नसतं. कापड कुठून येतंय ते बघायचं आणि शिवण त्याच्यावर आणायची.

मी तिला समजावलं, की ही युद्धाची गोष्ट आहे, शिवणाची नाही.

ती म्हणाली, दे इकडे. ब्रश तोंडात, एका हाताने रिमोट धरला. दुसरी स्टेज पार. तिसरी अर्धी. मग थुंकायला गेली.

नवशिक्यांचं नशीब असतं. माझ्या शिकाऊंमध्येही बघतो. पहिल्या दिवशी गाडी मस्त चालवतात.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

तिसरी स्टेज!!! लहानपणीच्या रेकॉर्डची बरोबरी. म्हणजे अकरा दिवसांत मी अकरा वर्षांच्या मुलाइतका झालो. प्रगती जोरात आहे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, काल पडद्यांच्या दांड्या यायला वेळ होता तेव्हा मी पाचवीपर्यंत गेले.

मी तिला विचारलं, की पाचवीत काय असतं. ती म्हणाली, ढग. मी विचारलं, आणि? ती म्हणाली, ढगांच्या मागे माणसं. म्हणजे विमानं. मी विचारलं, नक्की काय? फक्त विमानं.


रविवार, १६ फेब्रुवारी. दुपारी

हे लिहू की नको ठरत नाहीये. लिहितो. डायरीशी खोटं बोलायचं नाही, हा नियम.

आज जेवणानंतर बायकोने आठही स्टेज पार केल्या. मी शेजारी बसलो होतो. मध्येच तिने मला पाणी आणायला सांगितलं, तेवढाच उठलो. शेवटी काळं मोठं यंत्र आलं. त्याला सहा डोळे. तिने ते असं एका बाजूने उसवत नेलं, जशी ती जुनी शिवण काढते. फुटलं. पडदा पांढरा झाला. मी पुढे सरकलो.

पुन्हा पहिली स्टेज सुरू झाली.

तेच आकाश, तेच टुंगटुंग. फक्त शत्रू जरा जोरात. खिडकी नाही. दिवा नाही. माणूस नाही. संपतच नाही तो गेम. गोल फिरतो.

बायकोने रिमोट खाली ठेवला आणि विचारलं, तुझा माणूस कुठाय?

तिला लग्नाआधी सांगितली होती ती गोष्ट. मी किती हुशार होतो वगैरे त्या संदर्भात.

मी म्हटलं, ही कॅसेट वेगळी असेल. ती म्हणाली, एकच कॅसेट आहे. मी म्हटलं, जुनी झाली, काही भाग पुसला गेला असेल. तिने कॅसेट काढून माझ्या हातात दिली. मी सांगून टाकलं. सगळं. अकराव्या वर्षापासून.

तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, दादांना सांग. ते खेळायला बसायच्या आधी सांग. मी म्हटलं, हो. ती म्हणाली, हो म्हणून वहीत लिहू नकोस, सांग.

हिला वही माहीत आहे?


मंगळवार, १८ फेब्रुवारी

वही आता गाडीच्या डॅशबोर्डात ठेवतो.

विचार केला. बायकोने एकदाच संपवला. एकदा म्हणजे काही पुरावा नाही. कदाचित काही बोनस घ्यायला हवा असेल. कदाचित कोणालाही न मारता जायचं असेल. कदाचित खूप मारून. असे गेम असतात. शक्यता नाकारता येत नाही.

दादाला फोन करणार होतो. वहिनीने उचलला. म्हणाली, बॅग भरून ठेवलीय त्यांनी, आत्तापासून. निळा शर्ट इस्त्री करायला दिलाय. मी विचारलं, निळा का. ती हसली, म्हणाली, तुम्हालाच माहीत!

म्हटलं, ठीक आहे, मग ठेवतो.


गुरुवार, २० फेब्रुवारी

बँकवाल्या बाई टेस्टमध्ये नापास.

परीक्षकाने चौकात थांबा सांगितलं. बाईंनी गाडी सरळ नेली, फुटपाथला टेकवली. कोणाला लागलं नाही. बाई स्कूलमध्ये आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि मला विचारलं, मास्तर, इतके दिवस ब्रेक तुम्ही मारत होतात का? मला वाटायचं गाडी माझ्यामुळे थांबते.

मी म्हटलं, सवय असते हो, नकळत पाय जातो.

त्या म्हणाल्या, मग मला सांगायचं ना. मी घरी सगळ्यांना सांगून बसले, की मला जमतं म्हणून.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू बोलल्या. मालक ऐकत होते. मालकांनी विचारलं, आणि या मध्यंतरी आजारी होत्या ना? बाई म्हणाल्या, मी? क्लच प्लेट आजारी होती.

मालक माझ्याकडे बघत म्हणाले, मास्तर, बाईंना परत शिकवायचं, माझ्या समोर, आणि तुमचे दोन्ही पाय मला वर दिसले पाहिजेत.

मान्य केलं. जबाबदारी घेणारा माणूस आहे मी.


शनिवार, २२ फेब्रुवारी

दादा आला. बारीक झालाय. गळ्याजवळची हाडं दिसतात. निळा शर्ट. दारातच विचारलं, जोडलाय ना? मी म्हटलं, आधी चहा घे. तो म्हणाला, चहा बंद आहे. मी म्हटलं, मग पाणी. तो म्हणाला, अरे, पाणी प्यायला आलोय का मी?

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी ठरवलं होतं, की पाण्याचा ग्लास देताना सांगायचं. ग्लास दिला. दादाने तो रिकामा करून माझ्या हातात परत दिला. तेवढ्यात बोलण्याची वेळ निघून गेली.

सतरंजीवर बसला. दोन्ही अंगठ्यांवर फुंकर मारली. तो लहानपणी हेच करायचा, मी विसरलो होतो.


सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी

दादा पहिल्या दिवशी तिसऱ्या स्टेजपर्यंत, काल सहावीपर्यंत, आज सकाळी आठही. मधेमधे औषधाच्या गोळ्या, वीस मिनिटं चालणं, पुन्हा. मला म्हणाला, तू कसं रे केलंस हे अकराव्या वर्षी? मानलं तुला.

काळं यंत्र फुटलं. पडदा पांढरा. दादा पुढे वाकला. मी डोळे मिटले.

टुंगटुंग.

विमान जागेवरच होतं, दादाने हलवलंच नाही, शत्रूंनी एकेक करून तिन्ही लाईफ घेतली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, माझंच काहीतरी चुकलं असणार. तुझ्या वेळी किती लाईफ गेली होती?

हीच ती वेळ. उघडी, रिकामी, समोर.

मी म्हणालो, एकही नाही.

दादाचा चेहरा एकदम उजळला. हां! म्हणाला. तेच म्हणतो मी. एकही न घालवता जायला हवं, तर तो दिसतो.

बायको उठून आत गेली. मशीन खूप जोरात चालत होतं.


मंगळवार, २५ फेब्रुवारी

दादाचं एक लाईफ गेलं, की तो डबा बंद करतो आणि पुन्हा पहिल्यापासून. आज चौतीस वेळा. अंगठ्याला फोड आलाय. मी पट्टी आणून लावली. पट्टी लावताना त्याचा हात धरला होता. लहानपणापासून धरला नव्हता. हलका लागला.

मी विचारलं, डॉक्टरांनी ताण नको सांगितलंय ना? तो म्हणाला, हा ताण नाही रे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सकाळी उठावंसं वाटतंय.

मग सांगणं क्रूरपणा ठरेल. विचार करून हा निर्णय घेतला आहे. भीतीने नाही.


बुधवार, २६ फेब्रुवारी

दादाबरोबर सकाळी फिरायला. ठरवलं, पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सांगून संपवायचं. पूल लहान आहे, वाक्यही लहान.

पुलाच्या मध्यावर दादाच बोलायला लागला. म्हणाला, हॉस्टेलला पहिलं वर्ष फार वाईट गेलं. तुम्हाला कोणाला सांगितलं नाही. पोरं त्रास द्यायची. तेव्हा तो खिडकीतला माणूस डोळ्यांसमोर आणायचो. म्हणजे असं, की आठ स्टेज आहेत, सरकतंय, सरकू दे, शेवटी कोणीतरी दिवा लावून बसलंय. आताही दवाखान्यात, टेबलावर नेत होते ना, तेव्हा तोच आठवला. हसू नकोस.

मी हसत नव्हतो.

मी म्हटलं, दादा, तो शेवट आहे ना, तो—

तो म्हणाला, ए, सांगू नकोस! मजा घालवशील.

त्याची इच्छा मोडायची नाही. मोठा भाऊ आहे. पूल संपला.

परत येताना माझा वेग त्याच्यापेक्षा कमी होता. स्टेंट त्याला आहे.


गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी १

जेवायला घरी आलो तर टीव्ही बंद. दादा आणि बायको पडद्यांच्या ढिगाऱ्यात बसून हळू आवाजात बोलत होते. ती कापड धरून होती, तो कात्रीने दोरे कापत होता. मला बघून दोघं थांबले. मी विचारलं, काय चाललंय. बायको म्हणाली, अस्तर कुठलं लावायचं त्यावर बोलतोय.

दादाला पडद्यांत एवढा रस आहे, माहीत नव्हतं.

जेवताना दादा म्हणाला, तुला काही बोलायचंय का? मी म्हटलं, मीठ दे.

दादाचं आणि माझं अळणी जेवण एकच केलं होतं, म्हणून.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

आज बँकवाल्या बाईंचा तास. मालक मागच्या सीटवर. मी मांडी घालून बसलो, दोन्ही पाय वर. चौकात तीच हातगाडी. माझी पोटरी वळवळली. पाय खाली जाऊ दिला नाही. बाईंनी स्वतः ब्रेक मारला. चार इंच राहिले. बाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसायला लागल्या. मीही. मालक नाही.

ठरवलं, आजच. घरी जाऊन चपला काढायच्या आधी. बाईंना जमतं तर मला का नाही.

दार उघडलं. दादा सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेला. टीव्ही बंद, रिमोटची वायर गुंडाळून ठेवलेली. म्हणाला, झालं. आठही. एकही लाईफ न जाता.

मी चप्पल काढली.

तो म्हणाला, आणि होता रे. यंत्र फुटलं, खिडकी उघडली. निळा शर्ट, चष्मा, टेबलावर कप. दिवा पण. माझ्याकडे बघून हात हलवला त्याने.

मी बायकोकडे बघितलं. तिने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, हो, मी पण बघितला. थोडं टक्कल आहे त्याला. ते तू सांगितलं नव्हतंस.

माझ्या डोक्यात टुंगटुंग वाजायला लागलं. मी विचारलं, कुठला हात हलवला?

दादा म्हणाला, तुला माहीत असेल ना. तू तर आधीच बघितलायस.

दादा वाट बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता वाट बघत होता, पुलावर मी मागे पडलो होतो तेव्हा थांबला होता तसा.

मी म्हणालो, डावा.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली. म्हणाला, हो. डावाच.

आणि उठून हात धुवायला गेला.


शनिवार, १ मार्च

दादा सकाळी गेला. डबा घेऊन जा म्हटलं, माझ्याकडे पडूनच असतो. म्हणाला, नको रे, मला काय करायचाय, माझं बघून झालं. खांद्यावर थोपटलं. तब्येतीला जप म्हणाला. मला.

बायको दिवसभर कामापुरतं बोलली. पडदे पोचवून आली. मी विचारलं, खरंच दिसला का? ती म्हणाली, तुला काय वाटतं? मी म्हटलं, मी घरी नव्हतो. ती म्हणाली, घरी कधी होतास?

प्रश्न कळला नाही. कळला तर नंतर लिहितो.


रविवार, २ मार्च. सकाळी ६.२०

झोप बरी लागली नाही, पण डोकं स्वच्छ आहे. नीट विचार केला.

दादा खोटं बोलत नाही. लहानपणापासून नाही. बायको तर तोंडावर खरं बोलते, तिच्याकडून मी आजवर कधी सुटलेलो नाही. दोन साक्षीदार. शर्ट, चष्मा, कप, सगळं जुळतं. म्हणजे तो माणूस आहे. म्हणजे मी अकराव्या वर्षी खोटं बोललोच नव्हतो. अंदाज होता, तो बरोबर निघाला. उगीच इतकी वर्षं पोटात ठेवलं.

सुटलो.

फक्त त्या डाव्या हाताची खात्री करायची राहिलीय. तो उजवा असेल, तर दादाला फोन करून सांगावं लागेल. तेवढंच सांगायचं, बाकी काही उरलेलं नाही. आजपासून रोज एक तास. एकही लाईफ न घालवता.

७.४०

दुसरी स्टेज. तिसरी. दुसरी.

बायको चहा घेऊन आली, टेबलावर ठेवला, दारात उभी राहिली. विचारलं, कोणाला शोधतोयस?

मी म्हटलं, बाजूला हो, प्रकाश अडवतेस.

पुन्हा पहिली.